सरळ केलेलं काळीज

चन्नप्पामामा उद्या सकाळी दहा वाजता त्या कागदावर सही करतील, ही धास्ती काही केल्या डोक्यातून जात नाही. कागदावर दोनच वाक्यं आहेत. ‘कु. सृष्टी, वय तीन वर्षे, हिच्या छातीचा एक्स-रे माझ्या हातून उलटा छापला गेला. मुलीचे हृदय डाव्या बाजूसच असून चूक सर्वस्वी माझी आहे.’ खाली चन्नबसप्पा हे नाव टाइप करून, वर सहीपुरती जागा सोडली आहे. सृष्टी माझी मुलगी. चूक मामांची नाही. आणि हृदय डाव्या बाजूला नाही.

हा माणूस कोण ते आधी सांगते, म्हणजे त्या सहीत काय जाणार आहे ते कळेल.

लोहाऱ्यात योगीराज डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत मामा तेहतीस वर्षं एक्स-रे काढतात. आमच्याकडे एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही, फोटो म्हणतात. म्हणून ते फोटोवाले मामा. आणि फोटोच म्हटल्यावर माणसं तयारीनं येतात. पार्वतम्मा नावाच्या एक आजी महिनाभराचा खोकला घेऊन आल्या, त्या नवं इरकल नेसून आणि डोक्याला तेल चोपडून.

“हसू का रं, चन्नप्पा?”

“हसा की. पर दम धरून हसा.”

दम धरून हसता येत नाही हे आजींच्या लक्षात येईपर्यंत फोटो निघालाही होता. मामांच्या मते तो त्या महिन्यातला सगळ्यात स्थिर फोटो.

फोटोत धातू चालत नाही. आत जाणाऱ्याचं मंगळसूत्र, ताईत, करदोडा, सगळं उतरवून मामा दाराजवळच्या खुंटीला अडकवतात. अणदूरच्या खंडोबाचं पदक आणि कुठल्या तरी दर्ग्याचा ताईत त्या खुंटीवर एकमेकांना चिकटून निवांत लटकत असतात. अडाणी माणूस देव काढून ठेवायला कुरकुरत नाही, असं मामा सांगतात. शिकलेला माणूस मात्र खिशातला मोबाइल काढायला तयार होत नाही.

असा हा सगळ्यांचा धातू काढून घेणारा माणूस प्रत्येकाच्या डाव्या खांद्याशी स्वतःची एक चावी ठेवतो. साधी, कपाटाची, लोखंडी. लोहारा तालुक्यात ज्याच्या ज्याच्या छातीचा फोटो निघाला आहे, त्याच्या डाव्या खांद्यावर ती चावी पांढरी चमकते.

त्याचं असं झालं. फोटोतली डावी बाजू कुठली आणि उजवी कुठली हे कळावं म्हणून कोपऱ्यात शिशाचं एक अक्षर ठेवायची पद्धत असते. खोली बदलताना ते अक्षर हरवलं. तेव्हा थोरले डॉक्टर होते, आताच्या योगीराज डॉक्टरांचे वडील. ते म्हणाले, पेनानं लिहीत जा. मामा फिल्म वाळली की पेनानं लिहीत गेले. एके दिवशी घाईत अक्षर भलतीकडे पडलं. गोरोबा नावाच्या माणसाच्या उजव्या छातीत पाणी झालं होतं, सुई डावीकडून घातली गेली. गोरोबा वाचला. अजूनही बाजारात दिसला की तो डावी बरगडी चोळत मामांना हाक मारतो आणि आग्रहानं चहा पाजतो. मामा म्हणतात, त्या चहापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून चावी आली. फोटो घ्यायच्या आधीच अंगावर ठेवायची, म्हणजे नंतर पेनाची गरज नाही. ज्या कपाटाची ती होती ते कपाट भंगारात जाऊन वीस वर्षं झाली.

थोरले डॉक्टर गेले आणि योगीराज डॉक्टर शिकून आले. त्यांनी संगणक आणला, वातानुकूलित खोली केली, ‘अत्याधुनिक’ असा शब्द असलेली पाटी लावली. चावीचा त्यांना पहिल्यापासून राग आहे. चकचकीत फोटोत चावी दिसली की दवाखाना जुनाट वाटतो.

“मामा, संगणकात अक्षर टाकता येतं आता. बटण दाबलं की झालं.”

“व्हय साहेब. पर कुटं टाकायचं ते संगणकाला कोन सांगनार?”

याचं उत्तर डॉक्टरांकडे आहे. त्यांच्या टेबलावर फोटो उघडला की ते आधी हृदय बघतात. ते डावीकडे असलं तर ठीक. नसलं तर फोटो उलटा आलाय असं समजून एक बटण दाबतात, फोटो आरशातल्यासारखा फिरतो आणि हृदय जागेवर येतं. मग ते अक्षर टाकतात. कधीकधी छातीमागे लावायची फोटोची पट्टी उलटी लागून फोटो खरंच उलटा येतो, तेव्हा या बटणाचा उपयोगही होतो. पण सवय लागली की हात विचारत नाही. लोहाऱ्यात आजवर कुणाचंही हृदय उजवीकडे निघालेलं नाही याचं कारण लोहाऱ्याची हवा नसून ते बटण आहे.

आता सृष्टी. ती दहा पावलं पळते आणि उकिडवी बसते. रडली की ओठ जांभळट होतात. घरात या गोष्टींना आम्ही छान नावं देऊन ठेवली होती. बसते ते लाजाळू म्हणून, ओठ जांभळे ते जांभळं खाल्ल्यावर होतात तसे, आपोआप जातील. वजन वाढत नाही ते बापावर गेलीय म्हणून. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी नळी लावली, दोनदा जागा बदलली आणि कागदावर लिहिलं, ‘हृदयात आवाज. छातीचा एक्स-रे करावा.’ सासूबाई म्हणाल्या, “आवाज न यिऊन कसं चालंल? आवाज बंद पडल्यावर काळजी करायची.” सासूबाईंचं नाव धुरपदाबाई. त्यांचं म्हणणं घरात सहसा शेवटचं असतं.

आम्ही दोघी सृष्टीला घेऊन दवाखान्यात गेलो. सासूबाई बाहेर बसल्या, मी आत गेले. मामांनी सृष्टीच्या गळ्यातलं पदक काढून खुंटीला लावलं, तिला चावी हातात देऊन खेळवलं, मग तीच चावी डाव्या खांद्याशी चिकटवली. तिला नीट उभी करताना त्यांचा तळवा तिच्या छातीवर टेकला. तो तसाच राहिला.

“ताई, हिला न्हाऊ घालताना ठोका कुण्या बाजूनं लागतो हाताला?”

मी बी.एस्सी. झाले आहे. प्राणिशास्त्राच्या वहीत मी हृदयाची आकृती लाल आणि निळ्या पेन्सिलीनं काढली होती आणि बाईंनी ती वर्गात फिरवली होती. गेली तीन वर्षं रोज माझ्या हाताला ठोका उजवीकडे लागतो. मी शिकलेली असल्यामुळे असं समजत आले की माझा हात चुकतो.

“उजवीकडं,” मी म्हणाले. ते शब्द मी पहिल्यांदाच तोंडातून काढत होते.

“मलाबी तितंच लागला.” एवढंच म्हणून त्यांनी फोटो काढला.

बाहेर डॉक्टरांनी सृष्टीला तपासलं. म्हणजे फोनवर बोलता बोलता फ्रॉकवरून डावीकडे नळी टेकवली, आवाज लांबून आल्यासारखा वाटला असावा, म्हणून म्हणाले, फ्रॉक जाड आहे. मग पडद्यावर फोटो उघडला. हृदय उजवीकडे. बटण दाबलं. हृदय डावीकडे. “एकदम नॉर्मल,” डॉक्टर म्हणाले. “आणि हे मामा बघा, छातीचा फोटो सांगितला तर निम्मं पोटही घेतात. सवय जात नाही.” सासूबाईंनी डॉक्टरांना हात जोडले.

पाकीट द्यायला मामा आले. सासूबाई चपला घालत होत्या तेवढ्यात त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. पाकिटात एक नाही, दोन फोटो होते. एक डॉक्टरांनी सरळ केलेला, एक मामांनी जसा निघाला तसा छापलेला.

“माझं बोट बगा. हा काळा फुगा हाय ना, ती जठरातली हवा. ही चावी. फुगा अन् चावी एकाच बाजूला, डाव्या. हे पांढरं ते लिव्हर, ते उजवीकडं. वर श्वासनळीला दोन फांद्या फुटत्यात, उजवी आखूड, डावी लांब. बारक्या पोरांत दिसत न्हाईत लवकर, पर हितं दिसत्यात, अन् जागच्या जागी हायेत. मंजी हिचं पोट बरोबर, फुफ्फुस बरोबर. निस्तं काळजाचं टोक उजवीकडं गेलंय.”

“आणि हा दुसरा?”

“ह्यात साहेबांनी काळीज सरळ केलं. आता लिव्हर डावीकडं गेलं, फुगा उजवीकडं गेला, चावीबी उजवीकडं गेली. काळीज बगितल्यावर खाली बगतंय कोन?” त्यांनी फोटो खाली घेतला. “सगळंच आरशावानी उलटं असलं तर भ्यायचं काम नसतं फारसं. तशी मानसं म्हातारी हुत्यात, त्यांना ठावंबी नसतं. पर पोट एकीकडं अन् काळीज दुसरीकडं असलं, तर काळजाच्या आत बगावं लागतं. भिंती, नळ्या. थोरले डॉक्टर सांगायचे, आदी चावी बगायची, मग फुगा, मग काळीज. म्या कंपाउंडरासारखा मानूस, मला त्यातलं आतलं न्हाय कळत. पर दोनी फोटो दावा जितं जाल तितं.”

एक शिकवलेला क्रम तेहतीस वर्षं न चुकवता पाळणं, एवढंच या माणसाचं शिक्षण. आम्ही दोघा पदवीवाल्यांनी, म्हणजे डॉक्टरांनी आणि मी, क्रम उलटा लावला होता. आधी पुस्तक, मग पोरगी.

मी दोन्ही फोटो मोबाइलवरून एका शिबिराकडे पाठवले. लहान मुलांच्या हृदयाच्या तपासणीचं शिबिर होतं ते, सोनोग्राफीसारख्या यंत्रानं हृदयाच्या आतलं बघणारे तज्ज्ञ एका दिवसासाठी येणार होते. पुढचं शिबिर सहा महिन्यांनी. यादी फोटो बघून करत होते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, शिबिराच्या बाईंचा फोन आला. बाई वैतागलेल्या होत्या.

“मॅडम, एकाच मुलीचे दोन फोटो, दोन हृदयं. आणि तीन वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर कपाटाची चावी कशाला?”

मी चावीचं सांगायला लागले, पण त्यांना वेळ नव्हता.

“खरा कुठला, ते तुमच्या दवाखान्याचं लेखी आणा. उद्या दुपारी बारापर्यंत. हृदय उजवीकडे असेल तर मुलगी यादीत. डावीकडे असेल आणि डॉक्टरांनी नॉर्मल लिहिलं असेल तर जागा दुसऱ्याला देते.”

मी सृष्टीला उचलून सरळ सोलापूरला का नेत नाही, असं कुणीही विचारेल. मी स्वतःलाही विचारते. घरात ‘एकदम नॉर्मल’ असं लिहिलेला कागद देवाच्या फळीवर ठेवला आहे. नवरा म्हणतो, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का. त्या कागदाविरुद्ध उभं राहून मुलीला घराबाहेर काढणं मला जमलेलं नाही. शिबिराचं बोलावणं आलं तर तोही एक कागदच असेल, आणि आमच्या घरात कागदाला कागदानंच उत्तर द्यावं लागतं. म्हणून ती यादी हवी.

आज संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. शिबिराच्या बाईंनी त्यांनाही फोन केल्यामुळे दवाखान्यातून दोन फोटो बाहेर गेले हे त्यांना कळलं होतं. टेबलाच्या एका बाजूला ते, समोर मी आणि सासूबाई, सृष्टी सासूबाईंच्या मांडीवर. मामा दाराशी उभे. खुर्ची रिकामी होती, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

“मामा, हा दुसरा फोटो कुणी छापला?”

“म्या.”

“उलटा आहे तो.”

“न्हाय साहेब. जसा निगाला तसा हाय.”

“म्हणजे मुलीचं हृदय उजवीकडं आहे, असं तुमचं म्हणणं?”

“म्या फोटो काडतो साहेब. काळीज बसवत न्हाय.”

डॉक्टरांनी टेबलावरचा पेन बाजूला सरकवला. “हृदय डावीकडं असतं हे पाचवीच्या पोराला ठाऊक आहे. तुमच्यापायी उद्या तज्ज्ञ मला विचारणार, तुमच्याकडे डावं-उजवं कळतं का म्हणून. तुम्ही आता थकलात मामा. नजर कमी झाली असेल तर तसं सांगा, मी दुसरी सोय करतो.”

“नजर हाय अजून.” मामा जागचे हलले नाहीत. “नळी उजवीकडं लावून बगा की एकदा. पोरगी हितंच बसलीय.”

खरं तर तिथेच सगळं संपायला हवं होतं. नळी डॉक्टरांच्या गळ्यात होती आणि सृष्टी हातभर अंतरावर. पण मामांच्या सांगण्यावरून नळी लावायची म्हणजे टेबलाची बाजू बदलल्यासारखं झालं असतं. डॉक्टर हसले आणि माझ्याकडे वळले.

“ताई, तुम्ही आई. शिकलेल्या आहात. तुम्हाला कधी हिची धडधड उजवीकडं जाणवली?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला वाचता येत होता. मुलीचं काळीजच जागेवर नाही, हे एकदा चारचौघांत बोललं की ते लोहाऱ्यातून पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भूमपर्यंत जाईल, सृष्टीच्या आधी, तिच्या लग्नापर्यंत. आणि ते कुणाकडून आलं, यावर पुढची वीस वर्षं घरात चर्चा होईल. माहेरकडून, हे तर ठरलेलंच.

“नाही,” मी म्हणाले.

मामांनी मान वर केली. एक्स-रेच्या खोलीत मी काय म्हटलं होतं ते त्यांना आठवत होतं आणि त्यांना आठवतंय हे मला दिसत होतं. एवढंच म्हणायचं होतं त्यांनी, ताई, तुम्ही तर मला वेगळं सांगितलं होतं. त्यांची नोकरी त्या एका वाक्यावर होती. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मंग माजीच चूक आसंल,” ते म्हणाले. “म्हातारपन.”

डॉक्टरांनी समाधानानं संगणकावर ती दोन वाक्यं टाइप केली. सही आत्ता नको, म्हणाले, उद्या दहाला सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर करा, म्हणजे बाकीच्यांनाही धडा. मग शिबिराला पाठवून देऊ. मामा “बरं” म्हणाले आणि खुंटीवर कुणाचा तरी ताईत राहिला होता, तो द्यायला निघून गेले. बाहेर सासूबाई म्हणाल्या, “लई भला मानूस हाय. चूक झाली तर कबूल तरी करतो.”

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मामा पुन्हा भेटले. सासूबाई रिक्षा बघत होत्या. मी विचारलं, “मामा, तुम्ही का बोलला नाहीत?”

“तुमास्नी त्याच घरात ऱ्हायचंय, ताई. म्या निस्ता दवाखान्यात.” त्यांनी सृष्टीच्या गालाला बोट लावलं. “पर हिला कुटंतरी दावा. कागदावर काय बी असू द्या.”

कागदावर काहीही असू द्या, असं सांगणाऱ्या माणसाला ठाऊक नाही की मी कागदाशिवाय पाऊल उचलत नाही. त्यांच्या सहीनं मी वाचते. शिबिराची यादी सृष्टीवाचून पुरी होते. डॉक्टरांच्या पाटीवरचा ‘अत्याधुनिक’ शब्द तसाच राहतो. तोटा फक्त दोघांचा, आणि ते दोघं घरातले नि दवाखान्यातले सगळ्यात कमी बोलणारे.

मघाशी सृष्टीच्या छातीवर हात ठेवला. उजवीकडे. ठोका लागतो, मग जरा घुटमळतो, मग दोन भरभर लागतात. हात चुकत नाही. कधीच चुकला नव्हता.

मामांना फोन करून सही करू नका म्हणावं, असं आधी मनात आलं. पण तो फोन सोपा आहे. म्हणजे पुन्हा त्यांनीच डॉक्टरांसमोर उभं राहायचं आणि मी घरात बसून वाट बघायची. ते बरोबर नाही.

योगीराज डॉक्टर सकाळी साडेसहाला फिरायला निघतात, तेव्हा ते स्वतः फोन उचलतात. त्याच वेळी सासूबाई स्वयंपाकघरात माझ्यासमोर चहा घेत बसलेल्या असतात. मी त्या उठायची वाट बघणार नाही. त्यांच्या देखतच नंबर लावीन आणि डॉक्टरांना सांगेन की काल संध्याकाळी मी खोटं बोलले.